एल्गॉलच्या रस्त्यावरची लॉरी

शुभदा,

तू गाडी चालवायचीस, हे मला तुझ्या अंत्यविधीला कळलं.

क्रिमेटोरियमच्या बाहेर आम्ही सगळे हात चोळत उभे होतो. ग्लासगोची थंडी मार्चमध्येही अंगावर आल्यासारखी येते, ते तुला माहीत आहे. एक म्हातारी बाई काठी टेकत माझ्याजवळ आली आणि तिने विचारलं, तू शुभदाची कोण? मैत्रीण, म्हटलं, लंडनजवळच्या रीडिंगहून आले. मग ती बोलत सुटली. तिचे उच्चार मला निम्मेच कळत होते, पण निम्मेही पुरेसे होते. तिला स्ट्रोक झाल्यापासून तू तीन हिवाळे दर मंगळवारी तिच्या घरी जात होतीस. बर्फ पडला की बाकीचे फोन करून येत नाही म्हणायचे, तू मात्र जायचीस. वळणावर तुझी ती छोटी निळी गाडी दिसली की ती केटल लावायची.

"कुणाची गाडी?" मी विचारलं.

"तिचीच. दुसऱ्या कुणाची असणार?" ती म्हणाली. "आमची गल्ली अरुंद, वर चढ. इतकी नीट गाडी मागे घेताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही."

मी मागे वळून तुला शोधलं. खरंच सांगते. आधी भांडायला म्हणून शोधलं आणि मग आठवलं की आपण इथे कशासाठी आलोय.

त्याला आता तीन आठवडे झाले. काय झालं, कसं झालं, हे मी लिहीत बसणार नाही. ते सगळ्यांना फोनवर सांगून सांगून तुझ्या अजितचा आवाज बसलाय. मला तुझ्याशी एवढं एकच बोलायचं आहे. पाच वर्षं तू मला का सांगितलं नाहीस? मी ग्लासगोला आले की आपण भटकायचो, दर वेळी चालवायचे मी, आणि तू डावीकडे मांडीवर नकाशाचं पुस्तक घेऊन, पिशवीतून एकेक डबा काढत बसायचीस. "मॅडम, पुढच्या राउंडअबाउटला तिसरा एक्झिट," म्हणायचीस. मॅडम! आणि तुझ्या पर्समध्ये तेव्हा लायसन्स होतं.

आपली ओळख रीडिंगची. तुम्ही दोघं आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलात तेव्हा मी इथे तीन वर्षं मुरलेली होते आणि तेवढ्या भांडवलावर स्वतःला मोठी जाणकार समजत होते. कौन्सिलला काय कळवायचं, जीपीकडे, म्हणजे डॉक्टरकडे, नाव कसं घालायचं, कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवायचा, सगळं मी तुला शिकवलं, न विचारता. तू ऐकून घ्यायचीस आणि वर म्हणायचीस, "तुम्ही पुण्याचे लोक ना, जन्मल्या जन्मल्या नर्सला सूचना देत असाल." मी तुझ्या 'करून राहिली' आणि 'काऊन'ची टिंगल करायचे. तू माझ्या उपम्याची. दोन वर्षांनी अजितला ग्लासगोत काम मिळालं आणि तुम्ही गेलात, तेव्हा वरच्या फ्लॅटमध्ये पावलं वाजेनाशी झाली म्हणून मला झोप लागेना. हे तुला कधी बोलले नव्हते.

आणि तुझी ती ड्रायव्हिंग टेस्ट! नागपूरला बाबांची फियाट धंतोलीपासून अंबाझरीपर्यंत फिरवणारी तू, इथे तीनदा नापास झालीस. पहिल्यांदा आरशात बघताना मान हलवली नाहीस म्हणून. तू बघितलं होतंस, पण नुसत्या डोळ्यांनी. इथे परीक्षकाला दिसेल असं बघावं लागतं. दुसऱ्यांदा राउंडअबाउटवर इतक्या सभ्यपणे थांबलीस की मागच्यांची रांग लागली. तिसऱ्यांदा हॉर्न. "अगं, तो माणूस रस्त्यात उभा होता, मग काय त्याला पत्र लिहू?" असं तू मला फोनवर ओरडून विचारलं होतंस.

हसण्यावारी न्यायची गोष्ट मात्र नव्हती ती. तुला कम्युनिटी फिजिओची नोकरी मिळत होती. लोकांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा चालायला, उभं राहायला शिकवायचं. हॉस्पिटलच्या बेसमेंटमधल्या त्या बिनखिडकीच्या खोलीतून तुला सुटायचं होतं. अट एकच होती, लायसन्स. चौथी टेस्ट तीन आठवड्यांवर आली होती, तेव्हा तू फोन केलास. "मंजे, इथे ट्रॅफिकमध्ये माझे हातपाय गळतात. तू ये. चार दिवस मोकळ्या रस्त्यावर चालवते, तू शेजारी बस. तुझ्या लायसन्सला तीन वर्षं झालीत ना, तू चालशील."

२००४चा जून. मी माझी गाडी घेऊन रीडिंगहून सात तास चालवत आले. आपण पुढे-मागे 'एल'चे लाल स्टिकर लावले, इन्शुरन्समध्ये तुझं नाव घातलं आणि निघालो. अजितने हात हलवताना गाडीकडे पाहिलं होतं, आपल्याकडे नाही.

त्या पहिल्या दोन दिवसांसारखे दिवस माझ्या आयुष्यात फार नाहीत, शुभे. शहर सुटल्यावर मी तुला स्टिअरिंग दिलं. लॉक लोमंडच्या काठाने तू तिशीच्या वेगाने गेलीस आणि मागे वीस गाड्या. "जाऊ दे त्यांना, त्यांनाही तळं बघायला मिळून राहिलं," असं तुझं म्हणणं. ग्लेनकोला डोंगर दोन्हीकडून जवळ आले, तेव्हा तू गाणं गुणगुणायची थांबलीस आणि म्हणालीस, "मी चालवून राहिले ना हे?" मी म्हटलं, हो बाई, तूच. मग तू इतकी हसलीस की मला हँडब्रेकवर हात ठेवावा लागला. तळ्याकाठी बसून आपण दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मिजेस नावाच्या त्या बारक्या माश्यांनी आपल्याला खाल्लं. फोर्ट विल्यमच्या बी अँड बीमधल्या बाईने सकाळी तुझ्यापुढे दोन अंडी ठेवली, तर तू तिला मंगळवार म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलीस. ती बिचारी म्हणाली, आज मंगळवार आहे हे तिला माहीत आहे.

रात्री साडेदहालाही खिडकीत दिवसाचा उजेड होता. तू पडदा बाजूला करून म्हणालीस, नोकरी लागली की पहिल्या पगारातून आईला इथे आणते आणि याच रस्त्याने नेते. मागे बसवते, कारण ती पुढे बसली की देवाचं नाव घेते. तुझ्या आवाजात तेव्हा जी खात्री होती, ती मला नंतर फार आठवली.

तिसऱ्या दिवशी आपण पूल ओलांडून स्काय बेटावर गेलो. ब्रॉडफर्डहून एल्गॉलला जाणारा रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा. दर थोड्या अंतरावर कडेला पोट सुटल्यासारखी जागा, पासिंग प्लेस. समोरून कुणी आलं की ज्याला जवळ पडेल त्याने तिथे थांबायचं, दुसऱ्याने पुढे यायचं आणि जाताना एकमेकांना बोट वर करून सलाम करायचा. तुला ते भलतंच आवडलं. सुरुवातीला तुला वाटलं की हे लोक आपल्याला ओळखतात. "नागपूरलाही एवढे लोक हात करत नाहीत मला," असं म्हणत तू मेंढ्यांनाही बोट दाखवत होतीस.

तळ्याच्या बाजूने चढावर आलो आणि समोर ती लॉरी दिसली. खडी भरलेली, मोठी. बऱ्याच अंतरावर होती. आणि तिने दोनदा दिवा मारला.

तू म्हणालीस, "बोलावून राहिलाय तो आपल्याला," आणि पुढे निघालीस.

मी ओरडले. "अगं थांब! येतोय तो! मागे घे, मागे घे!"

इथे दिवा मारणं म्हणजे 'या, मी थांबलोय,' हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. रीडिंगच्या गल्ल्यांत रोज बघत होते. पण मी गाडी शिकले कात्रजच्या घाटात आणि तिथे समोरचा ट्रक दिवा मारतो तो एवढंच सांगायला, की मी काही थांबत नाही, तू तुझं बघ. समोर लॉरी आल्यावर पोटातून तेच वर आलं. तू म्हणालीस, "अगं पण तो उभा आहे." मी ऐकलं नाही. तुझ्या हातातल्या स्टिअरिंगला मी हात घातला. तू गडबडून रिव्हर्स टाकलास, गाडी वाकडी मागे गेली आणि डावं मागचं चाक चरात उतरलं.

लॉरीवाला उतरून चालत आला. चालत यायला त्याला बराच वेळ लागला, म्हणजे तो किती लांब उभा होता ते बघ. लालबुंद चेहऱ्याचा, शांत माणूस. त्याने दोर बांधला, लॉरी थोडी मागे घेतली आणि आपल्याला वर ओढलं. तू बाहेर उभी होतीस, एक चप्पल चिखलात, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली. आणि मी त्याला काय म्हणाले, तर "सो सॉरी, शी इज अ लर्नर."

तू माझ्याकडे बघितलंस.

तो गेल्यावर मी तुला म्हटलं, "उतर, मी घेते." तू आधीच उतरलेली होतीस, पण मी तसंच म्हटलं. आणि गाडीत बसल्यावर आणखी बोलले. ते इथे लिहायला हात जड होतोय, पण लिहिते. "सगळ्यांनाच जमतं असं नाही शुभदा. काही गोष्टी सोडून द्याव्यात." घाबरलेल्या माणसाच्या तोंडून काहीही निघतं, असं मी नंतर स्वतःला कितीदा समजावलं. पण आवाज घाबरलेला नव्हता. शिकवणीचा होता.

अर्ध्या तासाने, मी चालवत असताना, समोरून एक पोस्टाची व्हॅन आली. थांबली. दिवा मारला. मी पुढे गेले, तिने बोट वर केलं, मी केलं. तू खिडकीतून बाहेर पाहत होतीस. तेव्हाच मला स्वच्छ कळलं की तू बरोबर होतीस आणि गाडी मी चरात घातली होती. बोलायची वेळ ती होती. मी रेडिओ लावला, आणि त्याला रेंज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ॲपलक्रॉसच्या घाटाच्या तोंडाशी ती मोठी पाटी होती, शिकाऊ लोकांनी या रस्त्याने जाऊ नये अशा अर्थाची. मी म्हटलं, "बघ, सरकारही माझ्याच बाजूने आहे." विनोद केला मी. काय म्हणावं मला! तू हसलीस, अगदी जेवढं हसायला हवं तेवढंच. वर घाटमाथ्यावर ढग बाजूला झाले आणि खाली समुद्र, समुद्रात आपण कालच फिरलेलं बेट. तू माझ्या खांद्यावर शाल टाकलीस, कारण मी कुडकुडत होते. इतकी सहज टाकलीस की मला वाटलं, चला, विसरली.

पुढच्या महिन्यात फोनवर म्हणालीस, टेस्ट कॅन्सल केली, हॉस्पिटलमध्येच बरं आहे. मी म्हटलं, बरं केलंस. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तू पुन्हा बसून पास झाली असतीस, तर आपला तो विषय निघाला असता.

विषय निघायचा तसा निघालाच. लंडनला पिनरमध्ये आपल्या लोकांचा गणपती असो, कुणाचं डोहाळजेवण असो, चारचौघींत तू हमखास सांगायचीस, "आणि मग आमच्या मंजूने मला खड्ड्यात घातलं." सगळ्या हसायच्या. मी म्हणायचे, "तो 'सरक' म्हणत होता." तू म्हणायचीस, "तो 'ये' म्हणत होता." आपला तो खेळच झाला होता. शेवटी तू दर वेळी हसू आवरून माझ्याकडे बघायचीस आणि विचारायचीस, "मग? काय म्हणत होता तो?" मी ठासून म्हणायचे, "सरक." तू हात झटकून पानाच्या ताटाकडे वळायचीस. तू वाट पाहत होतीस, हे मला दिसत नव्हतं असं म्हणायला मन धजत नाही.

आणि याच काळात तू माझ्यासाठी काय केलंस! माझा मणका सरकला, सहा आठवडे मी फरशीवर पडून. घरात मी एकटी. तू दर रविवारी सकाळी फोन करायचीस, मी तो स्पीकरवर टाकून डोक्याशी ठेवायचे, आणि चारशे मैलांवरून तू मला पाय उचलायला लावायचीस. "अजून एक. छान. आता श्वास सोड. अजून एक." मी रडायचे, शिव्या द्यायचे, फोन बंद करायची धमकी द्यायचे. तू एकदाही आवाज चढवला नाहीस. जमत नसेल तर सोड, असं एकदाही म्हणाली नाहीस. मी आज चालते ती तुझ्या त्या 'अजून एक'मुळे. ती म्हातारीही तशीच चालत माझ्यापर्यंत आली असणार.

आता कबुलीचं पुढचं. वर मी लिहिलं की तू चालवायचीस हे मला अंत्यविधीला कळलं. ते पूर्ण खरं नाही, शुभे. दोन वर्षांपूर्वी मी आले होते, आपण तुझ्या त्या आवडत्या चहाच्या जागी चाललो होतो. जंक्शन आलं की तुझा उजवा पाय खाली दाबला जायचा, बरोबर त्या क्षणी. मी लेन बदलायच्या आधी तू मान वळवून मागे बघायचीस, परीक्षकाला दिसेल अशी. जी चालवत नाही ती असं करत नाही. मला शंका आली. ओठांवर प्रश्न आला. पण विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि मग मला एल्गॉलच्या त्या रस्त्यावर परत जावं लागलं असतं. मी म्हटलं, "केवढा पाऊस आहे नाही?" तू म्हणालीस, "हो ना."

विधी झाल्यावर मी अजितला स्वयंपाकघरात गाठलं. तो कुणीतरी आणलेल्या भाताचे डबे उगाच या कप्प्यातून त्या कप्प्यात ठेवत होता. मी विचारलं, "अजित, मला का नाही सांगितलंत?"

त्याने एक डबा परत बाहेर काढला. मग म्हणाला, "तिचीच ऑर्डर होती. टेस्ट तिने पुढच्याच वर्षी दिली. पास झाली तेव्हा पहिला फोन तुला करायला घेतला होता. मग रिसीव्हर ठेवून दिला."

"का पण?"

"म्हणाली, मंजूने एकदा म्हणू दे की तो दिवा 'ये'चा होता. त्याच दिवशी तिच्या हातात लायसन्स ठेवते आणि तिला बाजूला बसवून एल्गॉलला नेते." तो हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. "मी म्हटलं, अगं ती पुण्याची आहे, मरेपर्यंत म्हणणार नाही. तर म्हणाली, म्हणेल. मला घाई नाही."

डब्याचं झाकण लागत नव्हतं. मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि मलाही लागेना.

तुला राग आला होता का, हे मी त्याला विचारलं नाही. आला असेल. यायलाच हवा होता. पण रागावलेलं माणूस चारशे मैलांवरून कुणाचे पाय उचलून घेत नाही, एवढं मला कळतं. तू एका वाक्यासाठी थांबली होतीस, आणि मी समजत होते की आपल्याकडे वेळच वेळ आहे; या वर्षी नाही तर पुढच्या गणपतीत.

तर ऐक. कुणी हसणारं नाही इथे, आपण दोघीच आहोत. तो माणूस थांबला होता. त्याचा दिवा 'ये' म्हणत होता. तू बरोबर होतीस, गाडी मी खड्ड्यात घातली, आणि तुझं नाव पुढे केलं. मला हे त्याच दिवशी, अर्ध्या तासात कळलं होतं. माझं चुकलं, शुभदा.

दाखव आता लायसन्स.